दर तीन महिन्यांनी सोपारा

नालासोपारा म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम आठवते ती विरार लोकलची गर्दी, दुसरी आठवते पावसाळ्यात रुळांवर साचणारे पाणी, आणि तिसरे काही आठवतच नाही. आम्ही १९९४ साली येथे राहावयास आलो तेव्हा आम्हालाही तिसरे काही ठाऊक नव्हते. नायगावच्या चाळीतील एका खोलीत नऊ माणसे राहत होतो. १९८२ च्या संपानंतर अण्णांची गिरणी सुटली, मिळालेल्या पैशांतून आणि आईच्या गळ्यातील एकुलत्या एका दागिन्यातून पूर्वेला दोन खोल्या झाल्या. परळ, नायगाव, वरळीची कितीतरी आपली कुटुंबे तेव्हा अशीच रेल्वेच्या रुळाला धरून उत्तरेला सरकत होती. घर झाले, नळ आला, शाळा मिळाली. पण स्टेशनाच्या पश्चिमेला, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, सम्राट अशोकाच्या काळापासून नांदते असलेले बुद्धस्थळ आहे, हे आम्हाला पुढे विहारातील एका भन्तेजींनी सांगितले तेव्हा कळले.

त्यानंतर दर वैशाख पौर्णिमेला स्तूपावर जाण्याचा परिपाठ सुरू झाला. वर्षातून एकदा. पांढरी वस्त्रे, त्रिसरण-पंचशील, खिचडीचे पातेले आणि संध्याकाळी परत. २०१७ पासून मात्र आम्ही तेथे दर तीन महिन्यांनी जातो. हा लेख त्याच वाटेविषयी आहे.

त्या वर्षी आईला अंडाशयाचा कर्करोग निघाला. निघाला म्हणजे काय, तो बरेच महिने आत होताच. पोट फुगल्यासारखे वाटे, दोन घास खाल्ले की जेवण पुरे होई, लघवीला वारंवार जावे लागे. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, आईनेही 'वयाप्रमाणे होणारच' म्हणून चार महिने काढले. आमच्या भगिनींनी येथे क्षणभर थांबावे. हीच ती लक्षणे. इतकी साधी की कोणालाही पित्तच वाटावे. ती दोन-तीन आठवडे रोज जाणवू लागली तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, लाजू नये आणि घरच्यांनी टाळू नये. आमच्याकडे हे सांगणारे कोणी नव्हते.

मोठी शस्त्रक्रिया झाली, तीन-तीन आठवड्यांनी सलाइनमधून सहा वेळा औषध झाले. केस गेले, परत आले. २०१८ च्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, सध्या रोग दिसत नाही. आम्ही पेढे वाटावयास निघालो तर त्यांनी शांतपणे दुरुस्ती केली. 'बरा झाला' असे ते म्हणत नाहीत. 'दिसत नाही' एवढेच म्हणतात. इंग्रजीत त्याला रेमिशन म्हणतात. आईने घरी त्याचे मराठी केले: "भाडेकरू बाहेरगावी गेलाय. किल्ली त्याच्याकडेच आहे."

भाडेकरू २०२० साली परतला. पुन्हा औषध, पुन्हा शांतता. २०२३ साली पुन्हा परतला. या रोगाची रीतच अशी की पहिल्या उपचाराला उत्तम दाद देतो आणि तरी बऱ्याच जणींमध्ये उलटतो. उपचारानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने उलटला तर पूर्वीच्याच जातीचे औषध पुन्हा लागू पडण्याची आशा जास्त असते. म्हणून आमच्या घरात 'सहा महिने' ही परीक्षा पास होण्याची रेषा ठरली आहे. दर तीन महिन्यांनी सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी असते. ३५ च्या आत आकडा असला की ठीक समजतात. आईच्या आजारात आम्ही घरातील पाचही जण आकड्यांचे पंडित झालो. ताईला तर डॉक्टरांनी तिचीही आनुवंशिक तपासणी करून घेण्यास सांगितले. ती करून आली. निकाल तिने आम्हाला सांगितला, पण येथे लिहू नका म्हणाली.

रक्त देण्याचा दिवस आणि आकडा कळण्याचा दिवस यांच्यामध्ये एक रविवार येतो. तो रविवार घरात काढणे अशक्य असते. टीव्ही लावला तरी कोणी पाहत नाही, भाजीत मीठ दोनदा पडते. अशा एका रविवारी आईच म्हणाली, "चला, सोपाऱ्याला जाऊ." तेव्हापासून तो नेम झाला.

पण सोपाऱ्याच्या आधी परळ सांगावयास हवे, कारण ही यात्रा तेथूनच सुरू होते. नालासोपाऱ्याहून दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वेची धिमी गाडी, एकच स्टेशन पुढे परळ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय तेथे आहे, आणि आमच्या चाळीतल्या बोलीत 'टाटाला जातात' एवढे म्हटले की पुढचे कोणी विचारत नसे. आवाज आपोआप खाली जाई. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. आई पहिल्यांदा त्या डब्यात चढावयासच तयार नव्हती. पुढे चढू लागली. डोक्यावर केस नव्हते तोवर लोक उठून जागा देत. केस परत आले, अंगावर थोडे मांस आले, आणि लोक विचारू लागले, "मावशी, तुम्हाला काय झालंय? हा डबा तुमचा नाही." रोग शांत असलेल्या माणसाची हीच पंचाईत आहे. त्याला आजारी म्हणवत नाही आणि बराही म्हणवत नाही. आई पिशवीतून फाईलचे एक टोक बाहेर काढून ठेवते. तेवढे पुरते.

औषध चढविण्याच्या दिवशी नंबर उशिरा लागला की अण्णा आम्हाला बाहेर फिरवून आणीत. परळ त्यांचे जुने गाव. जेथे भोंगा होत असे तेथे आज काचेच्या इमारती आहेत, तरी ते प्रत्येक ठिकाणी थांबून 'येथे आमचे खाते' म्हणून दाखवितात. रुग्णालयापासून चालत जाण्यासारखी पोयबावडीची बी.आय.टी. चाळ आहे. तेथे दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब सुमारे २२ वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह येथे राहत असतानाच झाला, गोलमेज परिषदेला ते येथूनच गेले. आणि येथे राहत असतानाच १९२६ साली राजरत्न गेला. पाच मुलांपैकी चार मुले गमावलेल्या त्या माउलीने, रमाईने, नंतर स्वतःचे दीर्घ आजारपण काढले आणि २७ मे १९३५ रोजी राजगृहात शेवटचा श्वास घेतला. आम्ही लहानपणापासून जयंतीच्या भाषणांत हे ऐकत आलो होतो. पण हातात आईची फाईल घेऊन त्या जिन्याखाली उभे राहिलो तेव्हा प्रथमच मनात आले की या जिन्यावरून औषधाच्या बाटल्याही वर गेल्या असतील.

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर आजही फुटपाथवर परप्रांतांतून आलेली कुटुंबे पथारी टाकून असतात. ज्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते ते भाग्यवान. आपल्या वाचकांना स्मरण असेलच की याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली होती. आम्ही तर रात्री घरी परतू शकत होतो. विरार लोकलला शिव्या देणाऱ्यांनी ती एकदा मार्च २०२० मध्ये बंद पडली होती तेव्हाची आठवण करावी. रोग उलटलेला, औषधाची तारीख ठरलेली आणि गाडी नाही. भाड्याच्या गाडीला एका खेपेला जे पैसे पडत त्यात अण्णांचे महिन्याचे पेन्शन संपे. त्या दिवसांत अण्णांनी एक गोष्ट केली, ती पुढे येईल.

आता सोपारा.

पश्चिमेला उतरून मर्देसच्या दिशेने रिक्षा सांगावी. 'बुद्ध स्तूप' म्हटले की आता सर्वांना समजते. पूर्वी 'बुरुड राजाचा कोट' म्हणावे लागे. गावच्या लोकांनी या टेकाडाला बुरुडांच्या राजाचा किल्ला ठरवून टाकले होते. टोपल्या-सुपे विणणाऱ्या जातीला राजा कोठून मिळाला आणि त्याने किल्ला केव्हा बांधला, हे कोणी विचारले नाही. आम्हाला मात्र ते नाव आवडते. विसरलेल्या बुद्धाला शेकडो वर्षे राखले ते एका श्रमकरी जातीच्या नावाने.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले. हे मूळचे जुनागढचे. पदव्यांनी नव्हे, पायपिटीने विद्वान झालेले. त्यांना मधोमध खोलवर विटांच्या कोनाड्यात एक दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक. त्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याची लहान लहान फुले होती, यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे होते. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणी श्रद्धेने जपलेले. दगडी पेटीत करंडकाभोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्तीही होत्या, पण त्या करंडकाहून कितीतरी नंतरच्या, सुमारे आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी हा स्तूप उघडला, त्याची डागडुजी केली, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा मिटला. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

आमच्या पहिल्या रविवारी हे सर्व नातीने पुस्तकातून वाचून दाखविले. आई विटांच्या कडेला सावलीत बसली होती. तिने पोटावरून हात फिरविला. म्हणाली, "म्हणजे यालाही दोनदा उघडलं होतं. आणि शेवटी मातीच निघाली. डॉक्टरांना माझ्यात तेवढंसुद्धा सोनं सापडलं नाही." आम्ही हसलो. शस्त्रक्रियेनंतर ती मोठ्याने हसली ती त्या दिवशी प्रथम, कारण तोवर टाके ताणत.

पाहण्यासारखे म्हणून तेथे फार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सांचीची कल्पना मनात धरून येणारा निराश होईल. विटांचा एक ढासळता गोल, मधोमध उत्खननाची खोल जागा, पुरातत्त्व खात्याचा फलक, कुंपण आणि झाडे. विटा हाताला गार लागतात. दुपारी तीननंतर झाडांची सावली त्यांच्यावर येते. रविवारी पोरे क्रिकेट खेळत कुंपणापर्यंत येतात आणि चेंडू आत गेला की 'काका, बॉल' म्हणून ओरडतात.

पण ज्या गावात हा स्तूप आहे ते गाव लहान नव्हते. नाणेघाट, नाशिक आणि कार्ले येथील लेण्यांतील लेखांत सोपाऱ्याचे नाव कोरलेले आहे. ग्रीक खलाशी त्याला सुप्पारा म्हणत. घाटावरचा माल येथून जहाजात चढे. पाली वाङ्मयात सोपाऱ्याचे दोन माणूस आहेत. एक व्यापारी पूर्ण, जो येथील तापट लोकांत धम्म सांगावयास परत आला. दुसरा बाहिय, झाडाच्या सालीची वस्त्रे नेसणारा. आणि हा आमच्या आईचा लाडका आहे. जहाज फुटून तो या किनाऱ्याला लागला. लोक त्याला मोठा साधू समजून पुजू लागले. एके दिवशी त्याला आपल्या थोरवीची शंका आली आणि तो उठून थेट श्रावस्तीला चालत गेला. तथागत भिक्षेसाठी रस्त्यात होते. त्याने तेथेच उपदेश मागितला. 'ही वेळ नव्हे' असे त्यांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, भगवंतांच्या आयुष्याचा भरवसा नाही आणि माझ्याही नाही, आत्ताच सांगा. तथागतांनी तेथेच, रस्त्यात उभ्या उभ्या, चार शब्दांत सांगितले. थोड्याच वेळात वासरू असलेल्या एका गायीने बाहियाला शिंगावर घेतले आणि तो गेला.

आई या कथेतील गायीविषयी काही बोलत नाही. तिला आवडते ते त्याचे तिसऱ्यांदा विचारणे. ओपीडीत डॉक्टर घाईत असले की ती पण तिसऱ्यांदा विचारते. "आम्ही सोपाऱ्याचे," असे आमच्याकडे वळून म्हणते.

सोपाऱ्यालाच भगवानलालांना १८८२ मध्ये भाटेळा तळ्याजवळ अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. चौदा लेखांच्या मालिकेतील तो आठवा. पूर्ण मजकूर गिरनार, कालसी अशा ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी प्रवासाला जात, आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात वृद्धांना भेटणे, दान देणे, खेड्यांतल्या लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे असते, असे त्यात सांगितले आहे. सहलीवरचा यापेक्षा जुना मराठी मुलुखातील लेख आमच्या तरी पाहण्यात नाही! आणि नववा लेख मिळाला तो १९५६ साली, सोपाऱ्याच्या दक्षिणेला किनाऱ्यावरील भुईगावात. आम्हा सर्वांच्या धम्मदीक्षेचेच ते वर्ष. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

यंदाच्या हिवाळ्यातील रविवारी स्तूपावरून उठल्यावर आई म्हणाली, आज नवव्या लेखाच्या गावीही जाऊ. रिक्षावाल्याने समजूतदारपणे खड्डे चुकवीत नेले. गास गावाच्या पुढे वसई एकदम वेगळी होते. इमारती संपतात, वाड्या लागतात. विहिरी, केळीच्या बागा, नारळ, मोगऱ्याचे वाफे, पांढरी चर्चे. या हिरव्या पट्ट्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन झाले नसते तर येथेही आमच्यासारख्यांच्या दोन-दोन खोल्या उभ्या राहिल्या असत्या. आम्हाला घर हवे होते हे खरे, आणि ही वाडी राहिली हे बरे झाले हेही खरे. दोन्ही आम्ही एकाच रिक्षात बसून म्हटले.

वाटेत लाल लुगड्यातील एक ख्रिस्ती आजी राजेळी केळी विकत बसली होती. तिने आईच्या कपाळापाशी उगवलेले आखूड केस पाहिले आणि सरळ विचारले, टाटाला का? आजीचे यजमान त्याच रुग्णालयात होते, बारा वर्षांपूर्वी. ती दोघी पाच मिनिटे अशा बोलल्या जणू एकाच शाळेत शिकल्या असाव्यात: कोणत्या मजल्यावर, कोणत्या खिडकीशी, तोंड आले तेव्हा काय खाल्ले. आजीने एक फणी केळी जास्त घातली, रविवारी चर्चमध्ये नाव घेईन म्हणाली. आई म्हणाली, घ्या की. धाकट्या भावाने भुवया उंचावल्या, पण बोलला नाही.

भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. तेथे चटई अंथरली. नातीने मोबाइलवर नव्या लेखाचा मजकूर काढला. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगले करतात. त्यात बायका तर पुष्कळ क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात. अशांचे फळ थोडे असते, असे अशोक सांगतो. आजारपण यादीत पहिलेच.

"बायकाच?" आई म्हणाली. "बावीसशे वर्षांपूर्वीही बायकाच?"

येथे सांगावयास हवे की आठ वर्षांत आम्हाला कमी मंगले सुचविली गेली नाहीत. एकाने जडीबुटीवाला सांगितला, एकीने उपास, एका नातेवाइकाने तर बावीस प्रतिज्ञा घरात ठेवूनच एका बाबाची विभूती आणली. आईने सर्वांना चहा पाजून परत पाठविले. विभूती आणणाऱ्याचाही चहा तिने गोड केला. आमच्या घरात असले काही शिरणार नाही, अशी आमची ऐट होती.

अण्णा समुद्राकडे पाहत होते. त्यांनी दोनदा घसा खाकरला. मग पाकिटातून एक घडी काढली. आत चिमूटभर अंगारा होता. २०२० साली गाड्या बंद असताना, एका रात्री आई उलट्या करून झोपल्यावर, त्यांनी डोंगरावरच्या देवीला बोललेले. देवळे उघडल्यावर 'बँकेत जातो' म्हणून गेले आणि अनवाणी पायऱ्या चढून आले. अकरा वर्षे विहाराचे कार्यवाह असलेला माणूस. ज्यांनी शेजारच्या तीन घरांतले देव्हारे समजावून उतरविले ते.

भाऊ ताडकन उभा राहिला. "अण्णा, तुम्ही? आणि आम्हाला लहानपणी परीक्षेच्या दिवशी दहीसाखर नको म्हणून ओरडत होता!" तो बरेच बोलला. जे बोलला ते सर्व बरोबर होते. अण्णांनी एका शब्दाने उत्तर दिले नाही. आम्हाला त्या क्षणी कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. आणि खरे सांगतो, आजही कळलेले नाही.

आईने भावाला खाली बसविले. मग विचारले, "अहो, किती पायऱ्या होत्या?"

"मोजल्या नाहीत. हजारावर असतील."

"आणि गुडघे?"

"दुखले. आठ दिवस."

"मग तेव्हा सांगायचं होतंत. मलम लावून दिलं असतं. मला वाटलं बँकेत रांगेत उभे राहून दुखतायत."

नात हसली, मग ताई. अण्णा उठून पाण्याकडे निघाले तशी आई म्हणाली, "आता ते समुद्रात सोडायला जाऊ नका. तेही एक मंगलच व्हायचं." तेव्हा त्यांनी अंगारा तेथेच वाळूत झटकला. कागद मात्र परत पाकिटात ठेवला. त्यावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली होती. मग नातीने उरलेला मजकूर वाचला: नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांविषयी संयम, दान, हे धम्ममंगल. भाऊ ऐकत नव्हता. केळे सोलून अण्णांच्या हातात देत होता.

हे सर्व अण्णांची परवानगी घेऊनच लिहीत आहोत. ते म्हणाले, "लिहा. माझ्यासारखे आणखी असतील, पाकिटं चाचपतील." आमच्या समाजात या रोगाविषयीच उघडपणे बोलले जात नाही, मग रोगाच्या भीतीविषयी कोण बोलणार? पँथर नामदेव ढसाळ १५ जानेवारी २०१४ रोजी गेले ते आतड्याच्या कर्करोगाने. त्यांच्या कवितांवर आम्ही रात्र-रात्र बोलतो. घरातल्या माणसाने रात्री दोन वाजता काय काय बोलले याविषयी कोठे वाचल्याचे आठवत नाही.

मंगळवारी आकडा कळला. मागच्या वेळी ९ होता, या वेळी २१. ३५ च्या आतच, पण दुपटीहून जास्त. आम्ही सर्वांनी एकाच वेळी विचारले, मग औषध आज सुरू करावयाचे का? डॉक्टर नाही म्हणाले. केवळ आकडा वाढला म्हणून औषध लवकर सुरू करणे आणि त्रास दिसेपर्यंत थांबणे, या दोन मार्गांची तुलना केलेली मोठी चाचणी २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लवकर सुरू केल्याने बायकांचे आयुष्य वाढले नाही, उलट औषधाचा त्रास आधीपासून सोसावा लागला. महिन्याने पुन्हा रक्त तपासू, तोवर नेहमीसारखे राहा, असे ते म्हणाले. आईने तिसऱ्यांदा विचारले, "नेहमीसारखे म्हणजे काय काय?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि सांगितले: चाला, खा, नातीच्या गॅदरिंगला जा, पोट फुगले तर फोन करा.

परतताना दिव्यांगांच्या डब्यात एका पोराने पुन्हा विचारलेच. आईने फाईलचे टोक काढले नाही. त्याला म्हणाली, "बस बाळा, तूच बस." आणि दारापाशी वसईच्या खाडीपर्यंत उभी राहिली. पूल आला की तिला वारा लागतो. आम्ही हात धरायला गेलो तर झटकून टाकला.

म्हणजे आता तीन महिन्यांचा नेम मोडला. पुढचा सोपारा महिन्यानेच आहे. स्तूपावर जावयाचे असल्यास दुपारी तीननंतर या, पाण्याची बाटली आणा, विटांवर चढू नका, मेणबत्त्या विटांवर लावू नका, डाग पडतात. पश्चिमेच्या अंगाला चटईवर एक बाई आणि पाकीट सांभाळणारे एक गृहस्थ बसलेले दिसले तर जयभीम करा. तब्येत नंतर विचारा. आधी बाहियाची गोष्ट विचारा. ती सांगताना आई गायीपाशी येऊन थांबते, तेथून पुढे तुम्ही सांगा.